ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत चाइव्ह्ज: कुठले घ्यायचे, कधी पेरायचे, पावसाळ्यात कसे जगवायचे

चाइव्ह्ज म्हणजे ते, हॉटेलात सूपवर नाहीतर बेक्ड पोटॅटोवर हिरवे बारीक बारीक तुकडे भुरभुरलेले असतात ते. कांद्या-लसणाच्याच घराण्यातलं झाड, फक्त याचा कांदा नाही खायचा, पात आणि फुलं खायची. एक्झॉटिक भाजीवाल्याकडे एवढीशी जुडी घ्यायला गेलं की किंमत ऐकून हात मागे येतो, आणि घेतलीच तर निम्मी फ्रिजमधे चिकट होऊन फेकली जाते, म्हणून मग सगळ्यांना वाटतं की एक कुंडी आपणच लावूया. लावा की, अवघड काहीच नाहीये. पण बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून मार्च-एप्रिलमधे बी टाकलंत तर बहुतेक काही उगवणार नाही, आणि उगवलं तरी मे नाहीतर जुलै त्याला खाणार. तिकडचं 'एकदा लावा, वर्षानुवर्षं खा' हे तिकडच्या थंडीत खरं आहे, आपल्या घोडबंदर रोडच्या नवव्या मजल्यावर त्याचा हिशोब वेगळा.

थंड देशात काय होतं, हिवाळ्यात वरची पात मरून जाते, जमिनीखाली छोटे छोटे कांदे बर्फाखाली झोपून राहतात आणि वसंतात परत वर येतात. म्हणजे झाडाच्या विश्रांतीचा काळ थंडीचा. आपल्याकडे थंडी हीच त्याची वाढीची वेळ, आणि त्रासाचा काळ एप्रिल-मे आणि पावसाळा. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी जात ठरवा

चाइव्ह्ज या नावाखाली दोन वेगवेगळी झाडं विकली जातात आणि नवीन माणसाचा निम्मा घोळ इथेच होतो. एक साधे चाइव्ह्ज, पाकिटावर ॲलियम शोनोप्रासम लिहिलेलं असतं, हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मधे दिलेलं. पात गोल आणि आतून पोकळ, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड, फुलं जांभळट गुलाबी, गोंड्यांत येतात. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका अशा सगळ्या थंड पट्ट्यात रानात उगवतात, आपल्या काश्मीर-हिमाचलच्या उंच भागातही. चव अगदी सौम्य कांद्याची.

दुसरे गार्लिक चाइव्ह्ज, म्हणजे ॲलियम ट्यूबरोसम. पात चपटी, गवतासारखी, वास सरळ लसणाचा, फुलं पांढरी, चांदणीच्या आकाराची. मूळचे चीनकडचे, चिनी डंपलिंगच्या सारणात असतात ते हेच, आणि मणिपूरमधे मरोई नाकुप्पी म्हणून रोजच्या जेवणात खातात तेही हेच. गंमत म्हणजे याचं शास्त्रीय नाव १८२५ मधे छापून आलं आणि ते सुचवणारा रोटलर हा तामिळनाडूत तरंगमबाडीला आणि मद्रासला राहिलेला मिशनरी होता, म्हणजे या झाडाची आणि आपल्याकडच्या उकाड्याची ओळख जुनी दिसते.

माझं मत विचाराल तर ठाण्यात-नवी मुंबईत कायमची कुंडी लावायची असेल तर डोळे झाकून गार्लिक चाइव्ह्ज घ्या. ऊन सहन करतात, दमट हवा सहन करतात, नीट निचरा असेल तर पावसाळाही काढतात. साधे चाइव्ह्ज लावायचेच असतील तर मेथी-कोथिंबिरीसारखं हंगामी पीक समजून लावा, नोव्हेंबरमधे पेरा, एप्रिलपर्यंत खा, विषय संपला. आणि ती जांभळी फुलं, ज्यांचे फोटो बघून आपण भुललेलो असतो, ती आपल्याकडे यायची आशा जवळपास सोडून द्या, कारण फुलावर यायला त्यांना आधी चांगली थंडी मिळावी लागते आणि आपली डिसेंबरची रात्र १६-१७ अंशांवर आली तरी आपण स्वेटर काढतो, त्या झाडाला ती थंडी वाटतच नाही.

बी घ्यायचं की रोप

बी घेताना पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. कांदावर्गीय बी लवकर मरतं, वर्षभरानंतर उगवण धडाधड खाली येते, आणि दुकानात दमट हवेत टांगलेली पाकिटं तर विचारूच नका. बी काळं, कोनेदार, हुबेहूब कांद्याच्या बियांसारखं दिसतं. पाकिटावर नुसतं 'चाइव्ह्ज' लिहिलेलं असेल तर शास्त्रीय नाव शोधा, नसेल तर दुसरं पाकीट घ्या.

कोणाकडे गार्लिक चाइव्ह्जचा जुना ठोंब असेल तर त्यातला एक तुकडा मागून आणणं सगळ्यात बेस्ट, गवती चहाचा आणतो तसा, बियांपेक्षा तीन-चार महिने वाचतात. सुपरमार्केटच्या जुडीला मात्र मुळं नसतात, नुसती कापलेली पात असते, ती पाण्यात ठेवून काही उपयोग नाही.

नर्सरीतून रोप आणत असाल तर इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक नर्सरीत रेन लिली असते, पांढऱ्या फुलांची, बारीक हिरव्या पातीची, आणि फूल नसताना ती चाइव्ह्जसारखीच दिसते. ती विषारी आहे, पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. नर्सरीवाला काय सांगतो त्यावर जाऊ नका, त्याच्याकडे दोन्ही एकाच रांगेत असतील तर त्याचाही गोंधळ होऊ शकतो. पातीचं टोक तोडायचं, बोटांत चुरडायचं आणि वास घ्यायचा. कांद्या-लसणाचा वास आला तर ठीक, नुसता गवताचा वास आला तर ते खायचं झाड नाही. आधी खऱ्या चाइव्ह्जला हात लावलेला असेल तर दुसरं झाड तपासायच्या आधी हात धुवा, नाहीतर तोच वास बोटांना असतो आणि मग सगळीच झाडं लसूण वाटतात. फुलं आलेली असतील तर अजून सोपं, रेन लिलीला एका दांड्यावर एकच फूल, गार्लिक चाइव्ह्जला दांड्याच्या टोकावर फुलांचा आख्खा झुबका. घरी दोन्ही असतील तर कुंड्या बाल्कनीच्या दोन टोकांना ठेवा.

कुंडी आणि माती

आठ इंची कुंडी एका ठोंबाला भरपूर झाली. मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे खोल बादलीपेक्षा रुंद कुंडी बरी. मातीची असेल तर उत्तम, प्लास्टिकची असेल तर खाली चार-पाच भोकं आहेत ना बघा आणि भोकावर खापरीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही.

ऑनलाइन सगळीकडे कोकोपीट कोकोपीट चाललेलं असतं, बी उगवायला ते छान आहे, पण कायमच्या कुंडीत जास्त घालू नका, आपल्या जुलै-ऑगस्टमधे ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि खालचे कांदे कुजतात. मी दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड रेती असं घेते आणि वर मूठभर निंबोळी पेंड. रेती मिळत नसेल तर भाताचं तूस चालतं. तयार झालेली माती मुठीत दाबली की गोळा व्हायला पाहिजे आणि बोट लावलं की फुटायला पाहिजे. मुठीत चिखलाचा लाडू राहिला तर रेती वाढवा.

जागा म्हणाल तर पूर्वेची बाल्कनी पहिली पसंती, सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मजेत चालतं, मार्चपासून मात्र दुपारच्या उन्हात पातीची टोकं वाळतात, तेव्हा कुंडी मागे सरकवा नाहीतर हिरवी जाळी लावा. बॉक्स ग्रिलमधे ठेवणार असाल तर खाली कोणाचे कपडे वाळत असतात ते एकदा वाकून बघून घ्या. झाडाला नाही लागत पण सोसायटीत राहायला लागतं.

पेरणी

ऑक्टोबरचा उकाडा जाऊ द्या. पंधरा ते वीस अंशांत बी छान उगवतं, पंचवीसच्या वर गेलं की उगवण मंदावते, त्यामुळे दिवाळीची साफसफाई, फराळ सगळं उरकून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत कधीही पेरा. घाई करून दसऱ्याला पेरलं तर बी मातीत नुसतं बसून राहतं किंवा बुरशी धरतं.

बी रात्रभर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी निथळून घ्या. एकेक बी लांब लांब टाकायचं नाही, याला गर्दी आवडते, एका जागी आठ-दहा बिया असे कुंडीत दोन-तीन पुंजके करा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरा, हलक्या हाताने दाबा. पाणी झारीने किंवा स्प्रेने, मगने ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. उगवेपर्यंत वर ओला कागद नाहीतर तागाच्या पोत्याचा तुकडा टाकून सावलीत ठेवा, आणि पहिलं हिरवं दिसलं की लगेच काढा.

दहा ते पंधरा दिवस लागतात, कधी तीन आठवडेही. आणि ते वर येतं कसं तेही जवळून बघण्यासारखं असतं, आधी टोक दिसत नाही, हिरव्या दोऱ्याचा वाकडा फास मातीतून वर येतो, मग एक बाजू सुटते आणि पात सरळ होते, टोकावर बियांचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं. ती टोपी उपटायला जाऊ नका, आख्खं रोप हातात येईल, आपोआप गळते.

याच वेळी कबुतरं येतात. ठाण्यात राहून कबुतरांशिवाय बागकाम असं काही नसतंच, मऊ माती दिसली की त्यात बसणार, रोपं ओढून काढणार, वर घाण करणार. उपाय महागडा नको, जुन्या खराट्याच्या काड्या वीतभर लांब तोडून कुंडीत जवळजवळ उभ्या खोचा, बसायला जागाच मिळत नाही. रोपं बोटभर दाट झाली की काड्या काढल्या तरी चालतात. कबुतराची घाण पडलेली पात मात्र खाऊ नका, ती कापून टाका आणि नवीन येईपर्यंत वाट बघा.

पाणी, खत

बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. थंडीत साधारण एक दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमधे रोज, पावसाळ्यात बघून. खाली ताटली ठेवत असाल तर त्यात पाणी साचू देऊ नका. एक सवय बऱ्याच घरात आहे, आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचं, पाण्याच्या शटडाऊनच्या दिवशी तर हमखास. त्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि कांदावर्गीय झाडांना क्षार सोसत नाहीत, मातीवर पांढरा थर येतो आणि पातीची टोकं पिवळी पडतात. ते पाणी लादी पुसायला वापरा, या कुंडीला साधं नळाचंच घाला.

खताचं फार डोकं लावायचं नाही. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या मातीत खुरपीने हलवून मिसळायचं, शक्यतो पात कापल्यावर. पावसाळ्यात खत बंद.

कापायची पद्धत

बियांपासून लावलेल्या साध्या चाइव्ह्जची पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी, पात वीतभर झाली की. गार्लिक चाइव्ह्ज सुरुवातीला रडवतात, तीन-चार महिने बारीक गवतच दिसतं, धीर धरा, एकदा ठोंब धरला की मग थांबत नाहीत.

कात्री धारदार आणि स्वच्छ. मातीपासून दोन बोटं वर सोडून कापा, टोकं टोकं छाटायची नाहीत, कारण छाटलेलं टोक तपकिरी पडतं आणि ती पात तशीच अर्धवट उभी राहते, सगळी कुंडी न्हाव्याने अर्ध्यात सोडल्यासारखी दिसते. बाहेरच्या बाजूची पात आधी घ्या. कोवळ्या कुंडीतून एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नको, जुन्या भरलेल्या ठोंबाचं सगळं कापलं तरी दोन-तीन आठवड्यांत परत येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे कापत राहा, जपून ठेवलेली पात जून होते आणि चावताना तोंडात दोरे येतात.

गार्लिक चाइव्ह्जला पावसाळा सरता सरता, गणपतीच्या आसपास, डेंगळे निघू शकतात, कांद्याला निघतात तसेच, पहिल्याच वर्षी निघतील असं नाही. कळी बंद असताना दांडा कोवळा असतो तेव्हाच कापून परतून खा, तो प्रकार मला पातीपेक्षा जास्त आवडतो. फूल उमललं की दांडा लाकूड होतो, मग नुसती फुलं सुटी करून कोशिंबिरीवर नाहीतर आमलेटवर टाका. पूर्ण उमललेल्या झुबक्यांची बेसनात बुडवून भजीही होतात. बी धरू देऊ नका, एकतर झाडाची ताकद जाते आणि दुसरं म्हणजे शेजारच्या सगळ्या कुंड्यांत हेच उगवायला लागतं.

उन्हाळा आणि पावसाळा

मेमधे वाढ मंदावली, पात बारीक यायला लागली तर घाबरून खत ओतू नका, सावलीत सरकवा आणि पाणी सांभाळा, बस.

पावसाळ्यासाठी एक मराठी तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, कांदेनवमी, म्हणजे आषाढी एकादशीच्या आधीची नवमी. ज्यांच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो त्यांच्यासाठी तर हे आयतं जुळून येतं, कारण चाइव्ह्ज हा कांदा-लसूणच आहे, कोणी 'हर्ब' म्हणून नैवेद्याच्या ताटात टाकायला निघालं तर थांबवा. त्या दिवशी, किंवा त्याच्या आसपास उघडीप मिळेल तेव्हा, आख्खा ठोंब कापून घ्या, भजी-थालीपीठात संपवा आणि कुंडी छज्जाखाली, थेट पावसाचा मारा लागणार नाही पण उजेड मिळेल अशा जागी हलवा. ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालची भोकं मोकळी राहतील. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे निचरा बिघडला की दुसरा कुठलाच उपाय चालत नाही. पात मुळाशी मऊ, पाणचट झाली आणि वास यायला लागला तर ठोंब काढा, कुजलेला भाग फेका, घट्ट कांदे कोरड्या मातीत नवीन कुंडीत लावा. गोगलगायी दिसल्या तर रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, त्याला पर्याय नाही.

किडी

दोनच मुख्य. पातीवर रुपेरी, खरवडल्यासारखे ओरखडे दिसले की थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, कांद्याच्या शेतकऱ्याला विचारा, तो लगेच ओळखेल. काळे बारीक ठिपके एकमेकांना चिकटून बसलेत, तो मावा. दोन्हीला आधी ज्याची गरज असते ते म्हणजे जोरात पाण्याचा फवारा, पातीच्या दोन्ही बाजूंनी, तीन-चार दिवस सलग. तेवढ्याने गेले नाहीत तर एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. नंतर आठवडाभर तरी कापू नका, आणि खरं सांगायचं तर खूप लागण झाली असेल तर फवारत बसण्यापेक्षा पात पूर्ण कापून कचऱ्यात टाकणं सोपं, नवीन येतेच.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. कांदावर्गातलं काहीही त्यांच्या रक्तातल्या लाल पेशींना मारक असतं, मांजरांना तर जास्तच, आणि मांजरांना गवतासारखं काहीही दिसलं की चघळायची सवय असते.

खायचे कसे

साधे चाइव्ह्ज शिजवायचे नाहीत, गॅस बंद केल्यावर वरून. उकडलेला बटाटा, लोणी, मीठ, वर चाइव्ह्ज, यापुढे मला काही नको. दह्याच्या चक्क्यात मीठ-मिरपूड घालून बारीक चिरून मिसळले की मुलं गाजर-काकडी त्याच्यासोबत निमूट खातात. फ्रेंच लोक आमलेटमधे पार्सली, टॅरागॉन, चर्व्हिल आणि चाइव्ह्ज असं चौघांचं मिश्रण घालतात, आपल्याकडे बाकीचे तिघे मिळवत बसण्यापेक्षा नुसते चाइव्ह्ज आणि थोडी कोथिंबीर चालून जाते.

गार्लिक चाइव्ह्जला थोडी आंच चालते. जिथे जिथे लसणाची पात घालता तिथे हे घाला, पिठलं, थालीपीठ, घावन, तांदळाच्या भाकरीसोबतचा ठेचा. अंडा भुर्जीत शेवटच्या मिनिटाला मूठभर. नुसते परतायचे असतील तर कढई कडक तापवून अर्धा-एक मिनिट, जास्त ठेवलं की पाणी सुटून लगदा होतो.

उरले तर धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडे करून, पेपर नॅपकिनमधे गुंडाळून डब्यात ठेवा, चार-पाच दिवस राहतात. जास्त असतील तर चिरून डब्यात भरून सरळ फ्रीजरमधे, लागतील तसे चमच्याने खरवडून काढायचे. वाळवू नका, वाळल्यावर वास उडतो आणि हातात हिरवा भुसा उरतो.

गार्लिक चाइव्ह्जचा ठोंब दोन-तीन वर्षांनी कुंडीत इतका दाटतो की मधली पात बारीक, पिवळी यायला लागते. तेव्हा परत नोव्हेंबर गाठा, कुंडी उलटी करून गोळा बाहेर काढा, हाताने नाही सुटला तर सुरीने कापा, एकेका तुकड्यात सात-आठ कांदे आणि मुळं राहतील असं बघा, पात चार बोटं ठेवून छाटा आणि ताज्या मातीत आधी होते तेवढ्याच खोलीवर लावा. एका कुंडीच्या तीन-चार सहज होतात. घरी एवढ्या लागत नाहीत, तेव्हा एखादी खालच्या मजल्यावर द्या, कपड्यांवर पाणी गळल्याची तक्रार जरा सौम्य येते.